शिवाच्या शेजारची जागा

महेशचा ठाण्याच्या हॉस्पिटलमधून फोन आला, "आई, मोठी आई गेली गं..." मी चहा गाळत होते, तो गाळून झाला. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता हिला बसवायचं कुठं?

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, तळहातावर इष्टलिंग देऊन, मांडी घालून बसवून पुरतात. म्हणून कोण कोणाच्या शेजारी बसलंय हे आमच्याकडे मागचे लोक लक्षात ठेवतात. महेशची मोठी आई, अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ. मी सोलापूरकडून लग्न होऊन ठाकुर्लीला आले तेव्हा घर तिच्याच ताब्यात होतं. सासूबाई लवकर गेलेल्या, त्यामुळे माझ्या नवऱ्याला, शिवाला, तिनंच वाढवलेलं. "मी नवरी होऊन आले तेव्हा हा अंगणात नागडा फिरत होता," हे ती दर सणाला चारचौघांत सांगायची आणि शिवा लाजून हसायचा. माझं अंग जळायचं. हिला तो तेव्हापासूनचा ठाऊक, आणि मला मिळाला तो मिशी फुटलेला, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला. काहीही विचारलं की "वहिनीला विचार." दुकानाला रंग कुठला द्यायचा, वहिनीला विचार. पोराचं नाव काय ठेवायचं, वहिनीला विचार. महेश नाव तिनंच ठेवलं, आणि तो बोलायला लागला तेव्हा आधी 'मोठी आई' म्हणाला, 'आई' नंतर. मला टायफॉइड झाला तेव्हा शिवा दुकानात गेला आणि उशाशी बसली अक्का. रात्रंदिवस बसली. बाई वाईट असती तर माझं सोपं झालं असतं. ती चांगली होती, हाच माझा वैताग.

शिवा गेल्यावर त्याला कल्याणच्या पलीकडे, आंबिवलीच्या बाजूला समाजाची जमीन आहे तिथं बसवला. काही वर्षांनी तिथं नवीन भिंत घातली, त्यात आमच्या घरची पट्टी आखडली. समाजाच्या माणसांनी निरोप धाडला, की येऊन आपापल्या जागा बघा आणि दगड ठेवून जा, मागाहून तंटा नको. मी, अक्का आणि महेश असे गेलो. दोनच जागा उरलेल्या. एक शिवाच्या अगदी शेजारी, दुसरी थोडी पुढे, भिंतीजवळ. मी चप्पल काढते आहे तोवर अक्कानं पिशवी खाली ठेवली आणि शिवाच्या शेजारी सरळ मांडी घालून बसली.

"अक्का, हे काय?"

"गुडघे मावतात का बघते."

"उठा. ती जागा माझी आहे."

"तुझी? नाव कोरलंय कुठं?"

"नवरा माझा आहे."

"नवरा तुझा गं. पोर माझं."

महेश म्हणाला, "अरे काय चाललंय तुमचं, लोक बघतायत." बघायला होतं कोण? जे होते ते सगळे जमिनीखाली बसलेले. मी म्हटलं, "तुमचे मालक गावच्या शेतात एकटे बसलेत, त्यांच्याकडे जा की." तर म्हणते कशी, "जिवंतपणी ते माझ्याशी दोन शब्द बोलले नाहीत, आता काय बोलणार?" मग हात पुढे केला. तिला एकटीला उठता येत नव्हतं. मी ओढून उठवली तर माझा हात धरूनच म्हणाली, "गौरे, आधी मीच जाणार. तेव्हा तूच काय ते ठरव. मी थोडीच उठून भांडणार आहे?" दगड ठेवायचा राहिलाच.

तो दिवस आला. तिला आणलं, विधी करायला जंगमस्वामी आले, आणि महेशनं मला विचारलं, "आई, खड्डा कुठं सांगू?" घरात आता मोठी मीच. सगळे माझ्याकडे बघत होते. महेशच्या मनात कुठली जागा आहे ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, म्हणून तर मी पटकन बोट केलं... भिंतीजवळच्या जागेकडे. खड्डा झाला, भस्म लावलं, बेल वाहिला, तिला उतरवली. स्वामी म्हणाले, "तोंड उत्तरेला करा." आत उतरलेल्या माणसांनी तिला थोडी फिरवली, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात सगळ्यांचंच तोंड उत्तरेला. शिवाचंही. आणि मी अक्काला बसवलं होतं त्याच्या उत्तरेला, बरोबर समोर. थांबा म्हणायला तोंड उघडलं, पण माती लोटायला सुरुवात झाली होती. शेजार मी माझ्यासाठी राखला, आणि त्याची नजर तिला देऊन बसले.

घरी आल्यावर कळलं की यात नवीन काहीच नाही. आमच्या स्वयंपाकघरात अक्का शेगडी खाली ठेवून, पाटावर बसून भाकऱ्या करायची. तिची आमच्याकडे पाठ. मागे शिवा जेवायला, आणि त्याच्या शेजारी मी, पाण्याचा तांब्या घेऊन. त्याची भाकरी संपली की तो मागायचा नाही. अक्का वळायचीही नाही. नुसता हात मागे यायचा आणि गरम भाकरी बरोबर त्याच्या ताटात पडायची. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारीच बसत होते की... तो मात्र तिच्या पाठीकडे बघत जेवायचा.

आता त्या पाटावर मी बसते. मागे महेश जेवतो. त्याची भाकरी संपली की नाही ते मला वळून बघावं लागतं. काल मी वळले नाही. अंदाजानं हात मागे नेला आणि भाकरी सोडली. ती ताटाबाहेर पडली. महेशनं उचलली, फुंकली आणि गुपचूप खाल्ली.

उद्या परत तशीच देऊन बघणार आहे.