दादाचं राहून गेलेलं बेट

संपतदादा गेला त्याला आता सव्वा महिना होईल. त्या सकाळी आमच्या सांगलीच्या शाळेत आठवीचा भूगोलाचा पेपर चालू होता आणि मी वर्गावर पर्यवेक्षणाला होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, ऑफिसात फोन आलाय, धरणावरनं." ते ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की काहीतरी चुकतंय, दादा तर आता पाण्यात उतरतच नाही. फोनवर धरणावरचे कुणी साहेब होते. सभ्य माणूस असावा, फार हळू बोलत होते... दरवाजाच्या खाचेत ओंडका अडकला होता, तो काढायला दादा खाली गेला होता, आणि वर दोरी धरून बसलेल्या माणसाला ती एकाएकी ढिली लागली. खालून इशारा काहीच आला नव्हता. "पाणी किती आहे तिथं?" मी विचारलं. "साठ फूट," ते म्हणाले. मी वर्गात परत गेले, उरलेली वीस मिनिटं उभी राहिले, पेपर गोळा केले, क्रमानं लावले आणि मग एस. टी. स्टँडवर गेले. त्या वीस मिनिटांचा मला अजून राग येतो.

माझा हा थोरला भाऊ धंद्यानं पाणबुड्या होता. कऱ्हाडच्या खाली कृष्णेकाठी आमचं गाव. घरटी एक माणूस पलटणीत; आमचे वडीलही हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दादा भरतीला गेला तर छाती इंचभर कमी भरली म्हणून त्याला परत पाठवलं. पुढं हाच माणूस एका दमात नदी तळातून पार करायचा, ते त्या भरतीवाल्यांना कुणी सांगायचं? रुसून तो धरणाच्या कामावर गेला. तिथं नौदलातून आलेले एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी दादाच्या पाठीवर हवेचं नळकांडं बांधलं आणि त्याला खोल पाण्यातलं काम शिकवलं. धरणाच्या तळाशी गाळ असतो, काळोख असतो, स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. फट, गंज, सुटलेला बोल्ट, सगळं बोटांनी ओळखायचं. घरीही तो कपाटातली वस्तू न बघता काढायचा आणि वहिनी चिडायची. एकदा मला म्हणाला, "सुले, वीस वर्सं पान्यात हाय मी, पर पानी कवा बगितलंच न्हाई."

बेटाचं वेड सुरू झालं ते या एका वाक्यातून. उस्ताद निवृत्त होऊन कोचीनला राहायला गेले होते. त्यांनी पत्र धाडलं की एप्रिलात वीस दिवसांची रजा काढ, बायकोला घेऊन ये, नळकांडी मी आणतो, तुला एकदा उजेडातलं पाणी दाखवतो. अंदमानात त्यांची ओळख होती आणि लक्षद्वीपलाही. कुठं जायचं ते आम्ही ठरवायचं होतं. घरात भूगोलाची शिक्षिका मी एकटीच, तेव्हा हे काम माझ्याकडं आलं. पण पत्र घेऊन दादा माझ्या खोलीवर आला तो नुसत्या बेटासाठी आला नव्हता. दिवाळीत खाली काम करताना त्याच्या उजव्या कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं होतं आणि तेव्हापासून कान वाहत होता. मी त्याला मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की पडदा फाटलाय, पाण्याखाली कानात पाणी गेलं तर गरगरेल, वर कुठं आणि खाली कुठं हेच कळणार नाही. वर्षभर पाणी बंद. बाहेर आल्यावर दादानं माझा हात धरला. "हापिसात कळता कामा नये. आन् हिला तर बिलकूल न्हाई. मी वरचं काम मागून घेतो, दोरी धरून बसतो. झालं?" मी कबूल केलं. त्यानं खरंच वरचं काम घेतलंय का, हे मी कुणाला कधी विचारलं नाही. भाऊ सांगतोय म्हटल्यावर मला ते पुरेसं वाटलं... आणि सोयीचंही वाटलं, हेही लिहायला हवं.

"आणि बेट?" मी त्याला विचारलं होतं. "बेटावर काय तू वाळूत बसणार आहेस?" त्यानं हसून टाळलं. मग मी वर्गातला भिंतीवरचा नकाशा खोलीवर आणून जमिनीवर पसरला. त्यावर लक्षद्वीपचं जुनं नाव होतं, लखदीव, आणि पुढं सात-आठ ठिपके. दादानं डोळे बारीक करून पाहायचं सोडून त्यावर बोट फिरवलं, जणू ते हाताला लागणार होते. अंदमानची बाजू मोठी होती. जंगल, डोंगर, मद्रासहून बोटीनं चार दिवस, आणि किनारा सोडला की खोल समुद्र. मी खोलीचे आकडे वाचून दाखवत होते, मुद्दाम, त्याला भीती वाटावी म्हणून. तो मात्र दुसऱ्याच गोष्टी विचारत होता. पाणी गढूळ कवा होतंय? ऊन तळापर्यंत जातंय का? शेवटी त्यानं नकाशाच्या डाव्या बाजूला हात टेकला. "हितं जायाचं. उस्ताद लिवत्यात, प्रवाळाचं कडं हाय भवतीनं, आत पानी छातीएवढं. तळ वरनं दिसतोय. गरगरलं तर उभा ऱ्हाईन की गं." मला ते ऐकायचंच नव्हतं. समुद्र म्हणजे समुद्र, डॉक्टर म्हणाले वर्षभर म्हणजे वर्षभर. मी त्याच्यावर ओरडले. तोही ओरडला. घरमालकीणबाई दारात येऊन बघून गेल्या.

पुढचे दोन महिने मी काय काय केलं ते आठवलं की मला माझी लाज वाटते. बोटीच्या कचेरीला, परवान्याच्या कचेरीला पत्रं पाठवली आणि उत्तरं आली की त्यातली अडचण तेवढी दादाला सांगितली. दर रविवारी गावी जायचं, त्याच्या हालचाली बघायच्या, कान पुसतोय का, तोल जातोय का. इकडं वहिनी हरखलेली. हौसावहिनी माहेर-सासर सोडून कऱ्हाडच्या पुढं गेली नव्हती आणि आता बोटीत बसणार होती. तिच्यापुढं मला काही बोलता येईना आणि बोलल्याशिवाय राहवेना. शेवटी तिनंच मार्ग काढला. म्हणाली, "एवढ्या लांब जायाचं, तर देवीला इचारू या. कौल लावू या." दादा लगेच तयार झाला. खाली काळोखात देवीच हात धरते, असं तो मानायचा. माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नाही, वर्गात मी मुलींना तसं सांगतेही. पण त्या वेळी मीच सगळ्यांच्या आधी चप्पल घालून दारात उभी होते.

फाल्गुनातली रविवारची सकाळ होती. गावदेवीच्या गाभाऱ्यात आम्ही तिघं आणि गुरवकाका. त्यांनी फुलाच्या दोन पाकळ्या भिजवल्या. देवीच्या अंगावर एक उजवीकडं चिकटवायची, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर यंदा जायचं, डावी पडली तर यंदा नाही. गुरवकाकांचा हात फार कापत होता, म्हणून त्यांनी डावी स्वतः लावली आणि दुसरी माझ्या हातावर ठेवली. "माहेरवाशीण हाईस, तू लाव उजवी." मी ती पाकळी लावली आणि अंगठ्यानं दाबली. लावताना दाब द्यावा लागतोच, तेवढा नाही. जोर लावून, कडेकडेनं, दगडात शिरेल अशी दाबली. दादा हात जोडून उभा होता, चांगला कान देवीकडं करून, जणू उत्तर ऐकूच येणार होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक... डावी पाकळी एका बाजूनं सुटली, लोंबली आणि पडली. बाहेर आल्यावर दादा पायरीवर बसून म्हणाला, "फुडल्या साली जाऊ मग. बेट कुटं पळून जातंय!" सोमवारी त्यानं रजेचा अर्ज मागं घेतला. मला तर रविवारीच इतकं हलकं वाटलं की परतीच्या एस. टी. त मला झोप लागली.

ज्या दिवशी तो गेला, तो त्याच्या मागं घेतलेल्या रजेतला नववा दिवस असता. वहिनीसोबत तो त्या दिवशी छातीभर पाण्यात उभा असता. मी दोन महिने समुद्राच्या खोलीचे आकडे पाठ केले आणि धरणाच्या तळाला पाणी किती, हे फोनवर पहिल्यांदा विचारलं. तो रोज उतरत होता, हे मला त्या साहेबांकडून कळलं. ते म्हणाले, दरवाजाच्या खाचा त्याच्याएवढ्या कुणाच्या हाताला माहीत नव्हत्या.

सध्या सुट्टी आहे म्हणून मी गावीच आहे. अंगणात न्हाणीपाशी तांब्याचं एक मोठं घंगाळ ठेवलेलं असतं, काठोकाठ भरलेलं. पहिल्या दिवशी त्यात हात घालायला गेले तर वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, वन्सं, ते त्येंचं हाय." मग तिनं सांगितलं. कौल डावा गेल्यावर दादा रोज कामावरून आला की उस्तादांनी पाठवलेला काचेचा मुखवटा तोंडाला लावून अंगणात घंगाळावर ओणवा व्हायचा. तळाला वहिनीनं तिच्या बांगड्या टाकलेल्या असायच्या. हिरवी कुठली, लाल कुठली, ते तो डोकं वर काढून सांगायचा. चुकला की ती हसायची. त्या बांगड्या अजून घंगाळातच आहेत. बारा दिवसांत हातातल्या गेल्या, या मात्र कुणी काढायला सांगितल्या नाहीत.

वहिनीला वाचता येत नाही. हे सगळं मासिकात छापून येणार आणि तिला कुणीतरी परकं वाचून दाखवणार, हे मला सहन होईना. म्हणून काल दुपारी तिला समोर बसवून मी हा लेख वाचायला घेतला. डॉक्टरांचं सांगणं वाचलं, ती ऐकत होती. पाकळीपाशी आले आणि थांबले. "थांबलासा का?" ती म्हणाली. "वाचा की." मी वाचलं. कागद खाली ठेवला आणि तिच्याकडं न बघता म्हटलं, "वहिनी, मला क्षमा करू नकोस."

"मला दिसलं हुतं, वन्सं," ती म्हणाली. "तुमी दाबलीसा तवा मी म्होरंच हुते. आन् कानाचं मला ठावं न्हवतं व्हय? दिवाळीपास्नं हाक मारली की मान वळवून दुसरा कान फुडं करायचे. सोळा वर्सं संसार केलाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी पाकळी दाबलीसा, आन् मी मनात म्हनत हुते, आई, चिकटू दे."

ती उठली. घंगाळातल्या बांगड्या तिनं पदरात काढून घेतल्या, शिळं पाणी ओतलं, चिंच लावून घंगाळ घासलं आणि पुन्हा भरलं. मग पदर माझ्यापुढं धरला. आम्ही दोघींनी मिळून एकेक बांगडी पाण्यात सोडली.