ओटीचा कार्यक्रम रद्द

तीस वर्षं मी ओटीच्या विरोधात लिहीत आलेय. कवितांत लिहिलं, सभांत बोलले, धारवाडातल्या निम्म्या बायकांशी त्यावरून वाकडं घेतलं. नवरा असेल तिची ओटी भरायची आणि गेला असेल तिला शाल देऊन बाजूला बसवायचं, ही रीत मला कधी पटली नाही. म्हणून माझ्या कादंबरीच्या प्रकाशनात ओटी नको, असं मी कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाच्या चिटणीस बाईंना बजावलं.

ही चिटणीस माझी जुनी विद्यार्थिनी. पत्रिका दाखवायला केशवापूरला माझ्या घरी आली होती. माझं ऐकून तिचा जीव भांड्यात पडला, कारण मी विधवा आणि प्रकाशन करणारी अक्काही विधवा. तिची अडचण टळली, माझं तत्त्व टिकलं. दोघींनी मजेत चहा घेतला.

अक्का अमरगोळच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायला जाते. कादंबरी तिच्यावरच आहे. तिच्या शेजारी शिंकत, डोळे पुसत बसून मी ती लिहिली. बाजारात बायकांसाठी संडास हवा म्हणून आम्ही फाटकासमोर ठाण मांडलं, तेव्हा सगळ्यांत आधी तीच बसली होती. पुस्तक तिच्याच हातून बाहेर यावं, हा माझा हट्ट होता.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी तिला वेळ सांगायला बाजारात गेले. तिनं एकच विचारलं, "उडी तुंबतारेन री?" ओटी भरणार का?

मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की कुणाचीच भरणार नाही, मीच बंद करायला लावली. अक्का खुडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "नीव ब्याड अंद्री. ननग बेकु."

तुम्ही नको म्हणालात, मला हवी.

गल्लीतल्या प्रत्येक गरोदर पोरीची ओटी पूर्वी अक्का भरायची. नवरा गेला आणि तिला कुणी उंबऱ्याच्या आत बोलावेना. मला नवऱ्यामागेही सभांची बोलावणी येत होती, हार पडत होते. नको म्हणायची चैन मला परवडत होती आणि माझ्याबरोबर तिच्या वतीनंही मी नको म्हणून मोकळी झाले होते. तिला न विचारता! घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होते.

प्रकाशन झालं. टाळ्या वाजल्या. अध्यक्ष भाषणाला उठणार तेवढ्यात मी पिशवीतून खण, नारळ, हळकुंड आणि तांदूळ काढून ताटात मांडले.

"बाई, हे पत्रिकेत नाही," चिटणीस कानाशी कुजबुजली.

"मग लिहून घे."

मी अक्कासमोर उभी राहिले. माझं कपाळ मोकळं, तिचंही मोकळं. सभागृहात कुणीतरी मोठ्यानं खाकरलं, दोघी-तिघी उठून चालत्या झाल्या. जाऊ देत. अक्कानं पदर पसरला आणि मी ओटी भरली. मला वाटलं होतं ती रडेल. रडले मीच. तिनं पदर नीट कमरेला खोचला, मान ताठ केली आणि माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. त्यात मूठ-दोन मूठ तांदूळ उरले होते. ती चिटणीसकडे वळली.

"नीनू बा," अक्का म्हणाली. तूही ये.

चिटणीस जागीच थबकली. ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि पहिल्या रांगेत सासू. विधवेच्या हातची ओटी, तीही चारचौघांत. सासूनं नाही म्हणून बोट हलवलेलं मी स्पष्ट पाहिलं. मी तोंडातून शब्द काढला नाही. आदल्याच दिवशी धडा मिळाला होता, हिच्या वतीनं तरी कशी बोलणार?

अक्का मूठ भरून तशीच उभी होती, हात मागे घेत नव्हती.

चिटणीसनं माईक खुर्चीवर ठेवला, सासूच्या डोळ्याला डोळा दिला आणि पदर पसरला.