दोघांचं एकच

काकांना काहीही विचारलं की ते आधी काकूंकडे बघत. "काका, बीपीची गोळी कुठली घेता?" या प्रश्नालासुद्धा. मग काकू गोळीचं नाव, किती मिलिग्रॅमची, सकाळची की रात्रीची, जेवणाआधी की नंतर, सगळं न अडखळता सांगत. "आणि रात्रीची ती अर्धीच लिही हं. पूर्ण घेतली की चक्कर येते त्यांना." मग मी काकूंच्या गोळ्यांकडे वळलो की काकू काकांकडे बघत. कारण त्यांच्या गोळ्या काकांना पाठ होत्या.

एकाचा चष्मा दुसऱ्याच्या पर्समध्ये, अशी जोडपी तुम्हीही पाहिली असतील. पण ज्याची त्याची दुखणी दुसऱ्याच्या डोक्यात ठेवलेली, असं जोडपं मी हे एकच पाहिलं.

शॉमबर्गच्या लायब्ररीत दर वर्षी ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत आम्ही काही जण शनिवारी सकाळी लॅपटॉप घेऊन बसतो. पासष्टी ओलांडलेल्यांना इथे अमेरिकेत सरकारी आरोग्य विमा मिळतो, पण त्यातला आपला प्लॅन दर वर्षी याच दिवसांत तपासून घ्यावा लागतो. कुठला डॉक्टर प्लॅनच्या यादीत राहिला, कुठलं औषध गळलं, ते बघायचं. यादीबाहेरच्याचे पैसे विमा देत नाही. आम्ही काही विकत नाही. वाचून दाखवतो, ठरवायचं ज्याचं त्याने. मी आठवडाभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करतो, त्यामुळे बारीक अक्षरं वाचायची खोड आहेच. लोक औषधांच्या बाटल्या पिशवीत भरून आणतात. हे दोघं रिकाम्या हातांनी यायचे.

काका ऐन तरुणपणी सांगलीहून इथे आले आणि मशीनच्या कारखान्यात डिझाइनचं काम करून रिटायर झाले. बोलायचे कमी, आणि बोलले तर बहुतेक वेळा एकच वाक्य, "आमचं दोघांचं एकच." ईमेल दोघांचा एक, मोबाइल एक. लायब्ररीतली कॉफीसुद्धा एक घ्यायचे आणि दोन कपांत ओतायचे. पहिल्या वर्षी मी त्यांना समजावून सांगितलं की या विम्यात नवरा-बायको असा प्रकार नसतो. कार्ड ज्याचं त्याचं, प्लॅन ज्याचा त्याचा. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. मग दोन दे, पण सारखे," ते म्हणाले.

एकदा माझ्यासमोरच काकांनी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने जन्मतारीख विचारली. काकांनी सवयीने काकूंची सांगितली. ती म्हणाली, ही तुमची नाही. काका म्हणाले, बरोबर आहे, माझ्या मिसेसची आहे. मग तिला मिसेसशी बोलायचं होतं. काकूंनी फोन घेतला आणि प्रश्न पुरता न ऐकताच म्हणाल्या, "ही नोज. आस्क हिम." आणि फोन परत काकांच्या हातात. पुढची काही मिनिटं तो फोन टेबलावर इकडून तिकडे फिरत होता, आणि शेवटी त्या मुलीनेच पलीकडून फोन ठेवून दिला.

मग एका वर्षी त्यांचा जुना प्लॅनच बंद झाला.

मी खूप शोधलं. परवडतील असे दोनच सापडले. एकात काकांचा हार्टचा डॉक्टर होता, ज्याने त्यांना स्टेंट घातला होता. दुसऱ्यात काकूंचा डोळ्यांचा. काकूंच्या डोळ्याच्या पडद्याला आजार होता. दर काही आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. ते चुकलं तर नजर जाणार, आणि गेलेली परत येणार नाही, हे डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. नव्या डॉक्टरकडे जायचं तर नंबर लागण्यातच हिवाळा गेला असता.

"मग तिचा घे. दोघांनाही," काका म्हणाले.

"आणि तुमचा हार्टचा डॉक्टर?"

"बघू दुसरा."

"बघू म्हणे! भाजी आहे का ती?" काकू माझ्याकडे वळल्या. "त्यांचाच घे रे. डोळ्यांचे डॉक्टर काय, हवे तेवढे मिळतात."

"अगं, डोळ्यात सुई जाते तुझ्या! त्याच्याशिवाय कुणाला हात तरी लावू देतेस का?"

दोघंही भांडत होते, आणि दोघांनाही हरायचं होतं. मागे रांगेतले लोक घड्याळं बघायला लागले. शेवटी मीच म्हणालो, "काका, दोन वेगळे घ्या ना. काकूंचा एक, तुमचा एक. कुणाचंच काही सुटत नाही."

काकांचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे आता वेगळी चूल," ते म्हणाले, आणि काहीच न ठरवता उठून गेले. काकूंनी दारातून मागे वळून मला हाताने खूण केली, थांब म्हणून.

मुदत संपायच्या आधीच्या शनिवारी ते परत आले. काका खुर्चीत बसायच्या आधीच बोलले.

"वेगळे कर."

मी काही विचारलं नव्हतं, तरी तेच पुढे म्हणाले, "काल आम्ही मुलाकडे चाललो होतो. हायवेवरून उतरायचा एक्झिट हिने सांगितला. नेहमी हीच सांगते. बोर्ड ही वाचते, मी नुसता ड्राइव्ह करतो. हिला दिसेनासं झालं तर मी जाऊ कुठे?"

"आणि हार्टचा डॉक्टर ते सोडायचे नाहीत, हेही लिही," काकू म्हणाल्या. तसं कुठे लिहायची सोय नव्हती, पण मी हो म्हणालो. मला त्या दोघांचा हेवा वाटला, खरं सांगतो.

संक्रांतीच्या कार्यक्रमात काका भेटेल त्याच्या हातावर तिळगूळ ठेवून सांगत होते, "एक तारखेपासून आम्ही वेगळे झालो बरं का." नव्याने राहायला आलेल्या एका बाईंना ते खरंच वाटलं. त्या काकूंचा हात धरून हळू आवाजात धीर द्यायला लागल्या. काकू तिथूनच काकांवर ओरडल्या, "अहो, पुरे आता!"

त्या उन्हाळ्यात काका गेले. हार्टच्या त्याच डॉक्टरने स्वतः बाहेर येऊन काकूंना सांगितलं आणि बराच वेळ त्यांच्याजवळ बसून राहिला. एवढं तरी नीट झालं, असं काकू मला नंतर म्हणाल्या.

ऑक्टोबरात काकू सुनेबरोबर आल्या. सून गाडी लावायला गेली आणि काकू एकट्याच टेबलाशी आल्या. मी सवयीने दोन खुर्च्या ओढून ठेवल्या होत्या. काकूंनी एकीवर पर्स ठेवली. डोळे ठीक आहेत म्हणाल्या, इंजेक्शन एकही चुकलेलं नाही. मी पुढचा प्रश्न विचारला, दर वर्षीचाच.

"काकू, गोळ्या कुठल्या घेता?"

त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. मग सांगायला लागल्या. नाव, मिलिग्रॅम, सकाळची, रात्रीची, जेवणाआधीची. कुठेही अडखळल्या नाहीत. मी टाइप करत होतो. तिसऱ्या नावाला माझ्या लक्षात आलं, त्या सगळ्या काकांच्या होत्या. मला त्यांना थांबवता आलं नाही. माझी बोटं चालत राहिली.

सांगून झाल्यावर काकू पुढे वाकल्या आणि स्क्रीनवरची बारीक अक्षरं एकेक करून वाचत खाली आल्या.

"रात्रीची एक कशी लिहिलीस? अर्धी कर," त्या म्हणाल्या. "पूर्ण घेतली की चक्कर येते त्यांना."

मी अर्धी केली.