पोटात दुखतं, गुरुजी

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. शेवटच्या दुखण्यात ती अंथरुणावर पडून रोज विचारायची, मनात काय आहे ते बोला एकदा — नाही बोललो. आता तुम्हाला सांगतोय. पण एक अट आहे. मध्येच 'असू दे हो, होतं असं' म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवायचा नाही. असलं गुळचट बोलणं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मी मास्तर होतो. लढाईची वर्षं, रॉकेल मिळेना, कापड मिळेना, आणि माझी नेमणूक कुठं — तर खालापूरच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, एका भातशेतीच्या गावात. मी वाईकडचा. मला ते गाव आवडलं नाही. तिथली माणसं आवडली नाहीत, त्यांचं हाय-नाय आवडलं नाही, आणि देवळाच्या पडवीत चारही यत्ता एकत्र कोंबून शिकवणं तर मुळीच आवडलं नाही. मला कर्जतच्या शाळेत बदली हवी होती. बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं.

त्या पडवीत येशी होती. धर्मा नावाच्या शेतकऱ्याची मुलगी, आठेक वर्षांची, डोक्यानं मंद. ये, जा, जेव — एवढंच तिला समजायचं. शेतावर नेली तर कुठंही भरकटते म्हणून बाप तिला शाळेत आणून सोडायचा. मी तिचा रागराग करायचो. अशा मुलांवर माया करणारे मास्तर असतात म्हणे. असतील. मी नव्हतो.

एकदा डिपोटी आले — शाळा तपासणाऱ्या साहेबाला तेव्हा सगळे डिपोटीच म्हणत. नेमकं त्यांच्यासमोर येशीनं भोकाड पसरलं, आणि का रडते ते कुणालाच कळेना. शेवटी तळपायात करवंदीचा काटा सापडला. साहेबांनी गावकऱ्यांदेखत माझी हजेरी घेतली. अक्षरं नाही आली तरी चालेल, म्हणाले, पण कुठं दुखतं एवढं प्रत्येक पोराला सांगता आलं पाहिजे. पुढच्या वेळी मी विचारणार आहे. आणि माझी बदली कुणाच्या हातात? त्यांच्याच.

मग मी दुखणं शिकवायला घेतलं. हसू नका. हुशार पोरांना शिकवावं लागलंच नाही, त्यांनी शब्द घरूनच आणले — कळ, ठणका, ठसठस, सणक, मुरडा, उसण. दाढ ठणकते, गळू ठसठसतं, हे त्यांना माझ्यापेक्षा बरं ठाऊक होतं. एक लंगडा मुलगा कधी तोंड उघडायचा नाही, तो उठून म्हणाला, थंडीत माझं हाड आतून कुरतडतं. मास्तर म्हणून तेवढा एकच तास मी धड घेतला असेन.

येशी मात्र पालथा घडा. मी तिच्या दंडाला चिमटा काढला आणि विचारलं, कुठं दुखतं? तिनं बोट दाखवलं — माझ्या हाताकडं. पुन्हा काढला, जोरात. पुन्हा माझाच हात. पोरं खदखदून हसली. दुखणं जिथून येत होतं ते ती बरोबर दाखवत होती, नाही का? हे मला आज म्हातारपणी कळतंय असं समजू नका. तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच तर अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवसापासून निरगुडीची फोक. एकच प्रश्न, एकच उत्तर. कुठं दुखतं? — हात पोटावर, आणि 'पोटात दुखतं, गुरुजी'. उत्तर येईपर्यंत फोक तिच्या पोटऱ्यांवर चालायची, उत्तर आलं की थांबायची. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसं उघडलं. डोकं, दात, कान यांच्या भानगडीत मी पडलोच नाही. कशाला पडू? साहेबाला एक उत्तर पुरे होतं.

आणि पुरलं. पुढच्या तपासणीला साहेबांनी वाकून विचारलं, येशीनं हात पोटावर ठेवून खणखणीत उत्तर दिलं. त्या घडीला तिचं काही म्हणजे काही दुखत नव्हतं, हे त्या शहाण्याच्या ध्यानातही आलं नाही. गाव खूश. धर्माच्या डोळ्यांत पाणी — पोर जन्मात पहिल्यांदा पुरतं वाक्य बोलली होती. जाताना साहेब म्हणाले, तुमच्या बदलीचं बघतो.

मग थंडी पडली, खळ्यांवर झोडणी सुरू झाली. एका सकाळी येशी पाटी कानाला लावून बसली. डाव्या कानाला, गार पाटी. मी ओरडलो, पाटी खाली ठेव. ती ठेवायची आणि पुन्हा लावायची. सकाळभर हेच. मी पाहिलं होतं. एवढं ध्यानात ठेवा — मी पाहिलं होतं.

दुपारी ती घरी गेली आणि थोड्या वेळानं धर्मा पळत आला. पोर तापानं फणफणलेय, जमिनीवर लोळतेय.

"कुनाला काय सांगत नाय ती, गुरुजी. तुमालाच सांगल. तुमी इचारा."

गेलो. अंगणात निम्मं गाव जमलेलं. डाग देणारा म्हातारा येऊन बसलेला, निखाऱ्यांत विळा तापत घातलेला — जिथं दुखतं तिथं तापलेल्या लोखंडाचा डाग द्यायचा, हे तिकडचं औषध. फक्त जागा तेवढी कळायची बाकी होती. मला विचारायची गरज होती का? तरी विचारलं, कारण सगळे माझ्याकडं बघत होते. माझा आवाज ऐकला तशी ती पोर त्या तापात उठून ताठ उभी राहिली, पोटावर हात ठेवला आणि शिकवलेलं बोलली.

कान — एवढा एकच शब्द मला बोलायचा होता. कोमट तेल घातलं असतं त्यांनी कानात, फार तर. पण मग सांगावं लागलं असतं की हिला काही कळत नाही, मी पोपट पढवलाय. ते साहेबापर्यंत गेलं असतं. कर्जत हुकलं असतं. मी गप्प बसलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललाय, हे त्या अंगणात मला एकट्याला ठाऊक होतं.

धर्मानं तिचे पाय धरले. ती माझं ऐकते म्हणून हात मला धरायला सांगितले. मी धरले. पहिला डाग बसला तशी ती किंचाळली, आणि मग माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "पोटात दुखतं, गुरुजी." पुन्हा म्हणाली. घाईघाईनं, पुन्हा पुन्हा. तिचं साधं गणित होतं — उत्तर बरोबर आलं की गुरुजी थांबतात. म्हातारा म्हणाला, अजून दुखतंय पोरीला. आणि त्यानं विळा परत निखाऱ्यांत सारला.

किती डाग दिले ते मी मोजले नाहीत. हात सोडले नाहीत, एवढं खरं.

पुढं काही दिवसांनी कान फुटला, पू वाहिला, ताप उतरला. पोटातली घाण कानावाटं बाहेर पडली, असं गाव म्हणालं. डाग लागू पडला म्हणून म्हाताऱ्याचं नाव झालं, आणि त्याच्याहून माझं झालं. बदलीचा हुकूमही आला. कर्जतला लागूनच असलेल्या भिसेगावात खोली बघून ठेवली.

निघायच्या दिवशी धर्मा येशीला घेऊन आला, नव्या तांदळाचं गाठोडं डोक्यावर. माझ्या पायांवर डोकं ठेवलं त्यानं.

"तुमी पोरीला बोलती केलीत, गुरुजी. नायतर आमाला काय कळलं असतं? हातची गेली असती."

मी म्हणालो, अहो, मास्तरांचं कामच आहे ते. म्हणालो मी असं, हसून.

येशी बाजूला उभी होती, डावं अंग माझ्याकडं करून. मी हलक्या आवाजात हाक मारली. ती हलली नाही. परत मारली. नाहीच. वळसा घालून समोर गेलो तशी ती दचकली आणि दोन्ही हातांनी पोट झाकून घेतलं. धर्मा कौतुकानं म्हणाला, लाजते. पोरीचा डावा कान गेला हे त्याला ठाऊक नव्हतं. मला त्या क्षणी कळलं. तेही मी त्याला सांगितलं नाही. गाठोडं उचललं आणि कर्जतच्या वाटेला लागलो.