नऊचा सात

बालाजीने बोनाफाईड माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मोठी माय, आता तर हळदीला येशील ना?"

बोनाफाईड म्हणजे शाळेचा दाखला. मूल या शाळेत होतं आणि त्याची जन्मतारीख अमुक, एवढं त्यावर असतं. मी वाचलं. सही होती, शिक्का होता, नाव बरोबर होतं. जन्माचं वर्ष मात्र दोन वर्षांनी मागे सरकलं होतं. त्या दाखल्याप्रमाणे दीपालीला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. खरं तर तिला नुकतंच सोळावं संपलं होतं.

दीपाली बालाजीची मुलगी. बालाजी माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. तो दोन वर्षांचा असताना त्याची आई गेली. माझ्या दोन पोरांबरोबर तोही माझ्याच ताटात जेवून मोठा झाला. पहाटे घरातल्या आठ माणसांच्या भाकरी थापायच्या आणि मग त्याला कडेवर घेऊन शाळा गाठायची, असे दिवस काढलेत मी. गोरेगावजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी एकतीस वर्षं होते. शेवटी मुख्याध्यापिका. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. घरातलं कार्य आजही मला विचारल्याशिवाय ठरत नाही. म्हणूनच मी बालाजीला सांगितलं होतं, वयाचा कागद दाखव, नाही तर मी हळदीला पाऊल टाकणार नाही. त्याने कागद आणला.

"ही तारीख कुठून आली?" मी विचारलं.

"शाळेतून. रजिस्टरातच तशी हाय."

"रजिस्टरात मी लिहिलीय. दीपालीचं नाव पहिलीत मीच घातलं."

"मंग तुझ्या हातून चुकली आसंल. पोरगा वाशिमकडचा हाय, नोकरीवाला. आसं स्थळ पुन्हा दारात येत न्हाई."

स्थळाचा मला राग आला नाही. 'तुझ्या हातून चुकली आसंल' याचा आला. दीपाली झाली तेव्हा हिंगोलीच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकड्यावर मी बसले होते. नर्सने लेकरू पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. हा तेव्हा शेतात होता.

"पोरीला विचारलंस?"

"तिला काय कळतंय?"

दीपाली मागच्या अंगणात तुरी पाखडत होती. मी तिच्याजवळ बसले. मान वर न करता ती म्हणाली, "आजी, मला बारावी करायची. पप्पा म्हणतेत, सासरी जाऊन कर."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी शाळेत गेले. मुख्याध्यापक नवे होते, वर्षापूर्वी बदलून आलेले. मी जनरल रजिस्टर मागितलं. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची नोंद या जाड वहीत असते. पुढचे सगळे दाखले त्यावरून निघतात. जन्मतारीख दोनदा लिहायची असते, एकदा अंकी, एकदा अक्षरी. बदल करायचा तर शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तो आदेशाचा नंबर टाकून लाल शाईने करायचा.

"बाई, कपाटाची किल्ली दुसऱ्या सरांकडे आहे. ते मिटिंगला गेलेत."

"मग बसते."

दीड तास बसले. पोरांची खिचडी होऊन गेली. शेवटी किल्ली मुख्याध्यापकांच्याच ड्रॉवरमध्ये सापडली.

पान मीच उघडलं. नऊचा आकडा ब्लेडने खरवडून त्याचा सात केला होता. अक्षरी रकान्यातला 'नऊ' इतका घासला होता की कागद पातळ झाला होता. त्यावर निळ्या बॉलपेनाने 'सात'. मी आयुष्यभर काळ्या शाईने लिहिलं. आजूबाजूला माझं काळं अक्षर आणि मध्ये तो निळा सात. मी वही त्यांच्याकडे फिरवली.

"सर, हे कुणी केलं?"

"मला काय माहीत? बालाजीराव झेरॉक्सला म्हणून गोरेगावला घेऊन गेले होते. तुमच्या घरचे, म्हणून दिलं."

"रजिस्टर शाळेबाहेर दिलंत? आणि परत आल्यावर न बघता दाखल्यावर सही केलीत?"

"एवढं काय त्यात, बाई? तुमच्या काळात अर्ध्या गावाची जन्मतारीख एक जून आहे. ती कुणी लिहिली?"

हे खरं होतं. तेव्हा आईबापाला तारीख ठाऊक नसायची. पोळ्याच्या आसपास झालं, एवढंच सांगायचे. मग आम्ही शिक्षक अंदाजाने वर्ष धरायचो आणि एक जून टाकायचो.

"लिहिली," मी म्हणाले. "माहीत नव्हती म्हणून लिहिली. माहीत असलेली खरवडली नाही."

पण तेवढ्याने मी सुटत नव्हते. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या सातवीतल्या एका मुलीचं लग्न झालं. मी गेले होते, अक्षता टाकल्या होत्या, पंगतीत जेवले होते. नंतर हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'सतत गैरहजर' लिहून नाव कमी केलं. शाळेतून निघाले तेव्हा त्या मुलीचा चेहरा काही केल्या आठवेना. सरांवरचा राग होताच, त्यात हा माझ्यावरचा मिसळला.

तिथून थेट ग्रामपंचायत. गावात बालविवाह थांबवण्याची जबाबदारी कायद्याने ग्रामसेवकावर असते. बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं. काही ग्रामसेवकांना आठवायचं नसतं.

"बाई, घरचं मॅटर आहे, घरात मिटवा," तो म्हणाला. "तुमच्याच नातीचं नाव खराब होईल."

"अर्ज घ्या आणि पोच द्या."

"शिक्का नाही आज."

"सही चालेल. खाली तारीख टाका. खरी टाका."

त्याने सही केली. दुसरी प्रत घेऊन मी जीपने सेनगावला गेले आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात दिली. तिथलीही पोच घेतली. लग्न सहा दिवसांवर होतं.

तिसऱ्या दिवशी ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई आणि दोन पोलीस घरी आले. दवाखान्यातल्या जन्माची नोंद हिंगोलीहून मागवली होती. ती माझ्या काळ्या अक्षराशी जुळली. दीपालीला बाल कल्याण समितीपुढे नेलं. आत एकटीला बसवून विचारलं. ती काय बोलली ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं हमीपत्र बालाजीने लिहून दिलं.

परतल्यावर तो ओसरीवर उभा राहिला. "तू मला वाढवलं, आन् तूच चार लोकांत माझी इज्जत काढली. काहून केलं असं?"

"वाढवलं म्हणून केलं. परक्याचा असतास तर मी कदाचित लग्नात जेवून आले असते."

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. दिवाळीला पाया पडायलाही आला नाही. सुना म्हणतात, म्हातारीने घर फोडलं. मला त्याचं दुःख आहे, पण राग त्याहून मोठा आहे आणि तो अजून उतरलेला नाही. मुख्याध्यापकांची चौकशी झाली आणि दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. रजिस्टर तिथल्या शाळेतही असणारच. आमच्या रजिस्टरात लाल शाईने दुरुस्ती झाली. दीपाली बारावीला आहे. रोज जीपने सेनगावला जाते.

नव्या शिक्षिका भेटल्या की मी एवढंच सांगते. जनरल रजिस्टर शाळेच्या उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका. आणि मागणारा एखाद्या जुन्या बाईंच्या घरचा असेल, तर आधी कपाटाला कुलूप लावा, मग त्याला चहा विचारा.