म्यूझियममधल्या देवीचा कौल

मिल बंद पडली तेव्हा इंदूरमधला एकही देव रिकामा नव्हता. बडा गणपतीसमोर मिलवाल्यांच्या बायकांची अशी गर्दी, की त्याने तरी कुणाकुणाचं ऐकावं? म्हणून मी शक्कल काढली. सरकारी म्यूझियममध्ये एक देवी आहे, कुठल्याशा शेतात नांगराला लागून वर आलेली. तिला कुणी फूलसुद्धा वाहत नाही. म्हणजे तिला वेळच वेळ असणार. तेव्हा मला माझ्या हुशारीचा फार अभिमान होता. आज ती तेव्हाची बाई, म्हणजे मीच, दारात आली तर मी कडी काढणार नाही.

आमचे हे साळखात्यात, कापड विणायच्या मागावर होते. मिलला कुलूप लागलं तरी रोज सकाळी फाटकाशी जाऊन बसत. जुनी इंदूर भागात त्यांच्या मावसभावाचं नमकीनचं दुकान होतं. त्याने काउंटरवर बोलावलं होतं, आणि उद्यापर्यंत काय ते सांग म्हणाला होता. यांचं एकच पालुपद, "मी तिकडे शेव तोलत बसलो आणि इकडे मिल चालू झाली तर?"

माझ्या सासरी अशा वेळी देवीला कौल लावायची पद्धत. ओलं फूल मूर्तीला चिकटवायचं. उजवीकडे पडलं तर होय, डावीकडे पडलं तर नाही. मिल चालू होणार का, एवढंच विचारायचं, आणि देवी नाही म्हणाली तर यांनी मुकाट्याने दुकानात जायचं, असं ठरलं.

ठेवणीतली साडी नेसून यांना घेऊन गेले. दारातच चपला काढल्या.

"बाईजी, चप्पल पहन लो," पहारेकरी म्हणाला. "ये मंदिर नहीं है. कोई ले गया तो मैं कहाँ से दूँगा?"

आत भिंतीला टेकून देवच देव, शाळेतून नाव काढलेल्या पोरांसारखे. आमच्या देवीचे दोन हात तुटलेले, नाकाचा शेंडा गेलेला.

"हिला स्वतःचे हात राखता आले नाहीत," हे हळूच म्हणाले.

मी डोळे वटारले. ओल्या रुमालातली शेवंती काढून देवीच्या छातीवर मधोमध चिकटवली आणि हात जोडून उभी राहिले. फूल काही हलेना. देवीलाही सरकारी सवय लागली असावी. तेवढ्यात पहारेकरी फडका घेऊन धावत आला. "अरे भिया, समझाओ इनको. साहब ने देख लिया तो मेरी नौकरी जाएगी." बोलता बोलता त्याने फडका मारला. शेवंती खाली पडली.

"डावीकडे पडलं," मी म्हणाले.

"आपल्या डावीकडे. देवीचं उजवं बघायचं असतं."

"अहो, पण पाडलं त्याने ना."

"हात त्याचा असेल. इच्छा कुणाची?"

बोलताना यांचा चेहरा असा उजळला होता, की मीसुद्धा विरघळले. ती तेव्हाची शहाणी मी काय करते? पहारेकऱ्याच्या बुटापाशी पडलेलं फूल उचलून कपाळाला लावते. आणि घरी येऊन शिरा करते, केळं घालून.

मावसभावाला नकार कळवला. त्याने दुसरा माणूस ठेवला. पुढे बाहेरच्या देशांचे दरवाजे उघडले म्हणे, आणि त्याची शेव चकचकीत पाकिटांत बसून विमानातून जाऊ लागली. आमचे हे फाटकाशीच. देवीने सांगितलंय, म्हणायचे. मग ठेकेदार आले. माग भंगारात गेले, छपराचे पत्रे गेले, आणि शेवटी फाटकच उखडून ट्रकमध्ये घातलं. त्या दिवशी हे भर दुपारी घरी आले.

"आज लवकर?" मी विचारलं.

"बसायला जागा नाही राहिली."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःहून मावसभावाकडे गेले. तो उठून उभा राहिला, यांना खुर्ची दिली आणि म्हणाला, "दादा, आता तोलायचं काम मशीन करते. तुम्ही बसा, चहा घ्या."

चहा पिऊन आले. येताना त्याने पिशवीत शेवेचं पाकीट घातलं होतं. हे त्याला हात लावेनात. मी तिथल्या तिथे फोडलं. भूक लागली होती, आणि शेव, काय सांगू, उत्तम होती.