शेवटच्या रांगेचे रंग

भूकंपात आमचं घर गेलं म्हणून बाप आम्हाला घेऊन लातुरात आला. मी नोकरीला लागेस्तोवर इथं गल्लोगल्ली डॉक्टर-इंजिनिअर करणारे क्लास उघडले होते. अशाच एका क्लासची संगणक खोली माझ्याकडं होती. पडदे साठ, पण खरं मशीन एकच, माझ्या कपाटात. पोरांपुढं नुसता पडदा, कीबोर्ड अन् माऊस. सगळा कारभार त्या एका मशीनवरून.

दर रविवारी ह्याच पडद्यांवर सराव परीक्षा व्हायची अन् निकालावर जागा ठरायची. पहिले नंबर पुढं, ढ पोरं मागं. आमच्याकडं हीच रीत, कुणाला त्यात वावगं वाटायचं न्हाई. मशीनवर ताण आला की पडदे अडकायचे. पुढच्या रांगेतला पडदा अडकला की संचालक माझ्यावरच खेकसायचे. मग मी अक्कल पाजळली. मागच्या दोन रांगांच्या पडद्यांचे रंग कमी करून टाकले, रंग कमी तेवढा मशीनवर ताण कमी. मशीन असं पळायला लागलं की मी स्वतःवरच लई खूश!

चाकूरची एक पोरगी तापानं फणफणली, परीक्षा बुडाली, शून्य मार्क पडले अन् ती थेट शेवटच्या रांगेत गेली. तिथून वर येईचना. एकदा मला म्हणाली, "सर, आलेखात तीन रेषा म्हणतेत, मला दोनच दिसायल्यात."

मी खवळलो. "नाचता येईना अंगण वाकडं! जा, अभ्यास कर."

महिनाभरानं तिचे वडील दारात उभे. हातात तिची पेटी. "न्यायला आलो, सर. तिला डोकं न्हाई म्हणतेत. मामाच्या पोराशी जमवलंय. जाताना तिच्या चुका तेवढ्या दाखवा, म्हंजे माझ्या जिवाला रुखरुख न्हाई."

मी तिच्याच जागेवर बसून तिचा पेपर उघडला. आलेखात दोन रेषा. पिवळी गायबच! विजेच्या प्रश्नात रेझिस्टरवरच्या पट्ट्यांच्या रंगावरनं उत्तर काढायचं, ते पट्टे सगळे एकसारखे मातकट. धावत पहिल्या रांगेत गेलो, तोच पेपर उघडला. तिथं तिन्ही रेषा लख्ख. अरे देवा! ही पोरगी इतके रविवार आंधळी परीक्षा देत होती, अन् पट्टी मी बांधली होती!

"काका," मी म्हणालो, "डोकं तिचं न्हाई, माझं गेलं होतं. चूक माझी हाय." दोन्ही पडदे त्यांना दाखवले. त्यांनी पुन्हापुन्हा बघितलं अन् पेटी खाली ठेवली.

"मंग ऱ्हाऊ द्या तिला," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, बापामागं उभी पोरगी आता हसंल न्हाई तर रडंल. ती शेवटच्या रांगेतल्या आपल्या खुर्चीकडं बघत राहिली.

"सर, माझ्या आधी हितं रेणापूरची बसायची. तिला दिवाळीत घरी नेलं. लगीन बी झालं तिचं. तिला कोण सांगणार?"